प्राथमिक आरोग्यसेवेची मानके : मोजावे काय आणि कोणाचे?

रुग्णसेवेची गुणवत्ता मोजता येते आणि ती मोजली पाहिजे, हा विचार वैद्यकशास्त्राच्या मानाने पुष्कळ उशिरा रुजला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बोस्टन शहरी अर्नेस्ट कॉडमन नावाच्या शल्यचिकित्सकाने एक साधा प्रश्न उपस्थित केला : शस्त्रक्रिया करून घरी पाठविलेल्या रुग्णाचे वर्षभराने काय झाले? प्रत्येक रुग्णालयाने याचे उत्तर नोंदवून ठेवावे आणि ते लोकांपुढे मांडावे, असा त्याचा आग्रह होता. सहव्यावसायिकांना तो रुचला नाही. तथापि १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन शल्यचिकित्सक महाविद्यालयाने या विचाराचा काही अंश उचलला आणि १९१७ साली रुग्णालयांसाठी एक किमान मानक तयार केले. ते अवघे एका पानाचे होते. वैद्यकीय चमू संघटित असावा, त्यातील व्यक्ती अर्हताप्राप्त असाव्यात, त्यांनी नियमित बैठका घेऊन कामाचा आढावा घ्यावा, रुग्णांच्या नोंदी पूर्ण असाव्यात आणि निदानाची साधने उपलब्ध असावीत, एवढ्याच त्यातील अपेक्षा होत्या.

या एका पानाच्या आधारे शंभर किंवा त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी केवळ ८९ रुग्णालये कसोटीस उतरली. अनुत्तीर्णांमध्ये त्या देशातील नामांकित संस्थाही होत्या. १९१९ साली न्यूयॉर्क येथे हा निष्कर्ष सादर झाला तेव्हा आकडे जाहीर करण्यात आले. नावांची यादी मात्र वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. रुग्णालयांच्या अधिस्वीकृतीचा इतिहास असा राखेपासून सुरू होतो.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. परवाना हा कायद्याने आवश्यक असतो; त्याच्या अभावी संस्था चालविता येत नाही. अधिस्वीकृती ही बहुधा ऐच्छिक असते. आगाऊ प्रसिद्ध केलेली मानके पुढे ठेवून, बाहेरच्या जाणकारांनी प्रत्यक्ष पाहणी करून, ठरावीक मुदतीपुरती दिलेली ती पावती होय. परवाना संस्थेच्या अस्तित्वाविषयी बोलतो. अधिस्वीकृती तिच्या रोजच्या वागणुकीविषयी.

रुग्णालयांसाठी घडलेली ही पद्धत पुढे प्राथमिक आरोग्यसेवेकडे आली, आणि तेथे एक अडचण उद्भवली. रुग्णालय आपल्या भिंतींच्या आत आलेल्या रुग्णापुरते उत्तरदायी असते. प्राथमिक आरोग्य केंद्राची गोष्ट निराळी आहे. जो रुग्ण आला त्याच्याइतकेच, जो आलाच नाही त्याचेही दायित्व त्यावर असते. लस न मिळालेले बालक, तपासणीस न आलेली गर्भवती, गोळ्या मध्येच सोडून दिलेला क्षयरुग्ण, ही सारी माणसे केंद्राच्या दारात दिसत नाहीत, म्हणून पाहणी करणाऱ्यालाही दिसत नाहीत. रुग्णालयाची पट्टी घेऊन केंद्र मोजू गेल्यास इमारत, फरशी आणि फलक यांचे माप अचूक मिळेल. ज्या कामासाठी केंद्र काढले ते काम मात्र मापाबाहेर राहील. प्राथमिक सेवेची मानके घडविणाऱ्यांपुढील मुख्य प्रश्न हाच आहे.

संख्येची मानके, मग दर्जाची

भारतात या विषयाचा पाया भोर समितीने घातला. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. दर ४०,००० लोकसंख्येसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, एक परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहाय्यक आणि एक औषधनिर्माता असावा, अशी तिची अल्पमुदतीची शिफारस होती. शिफारशीत सुईणी आणि दाया मिळून आठ, तर डॉक्टर दोनच आहेत. या केंद्राचे मन खाटेपेक्षा घराकडे अधिक आहे, हे त्या प्रमाणावरूनच कळते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या बरोबरीने आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. पुढे सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, तसेच अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण स्थिरावले. ही संख्येची मानके होती. केंद्र किती अंतरावर असावे, त्यात किती माणसे असावीत, एवढे त्यांवरून ठरत असे. त्या केंद्रात गेल्यावर रुग्णाला कशी सेवा मिळावी, याविषयी ती मौन होती. जेथे केंद्रच नव्हते तेथे हे मौन समजण्यासारखे होते.

१९७८ साली अल्मा आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेला जागतिक धोरणाचे स्थान दिले. त्याआधीच, १९७० साली, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातील साध्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविण्याचे काम हाती घेतले होते. प्राथमिक सेवेचा दर्जा पदवीवर किंवा इमारतीवर अवलंबून नसून नियमित संपर्कावर अवलंबून असतो, हे जामखेडने दाखवून दिले. मानके लिहिणाऱ्यांनी या अनुभवाकडे पुरेसे लक्ष दिले असे म्हणता येणार नाही.

दर्जाचा विचार शासकीय व्यवस्थेत ठळकपणे आला तो २००५ नंतर. त्या वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. २००७ साली भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके प्रसिद्ध झाली आणि २०१२ व २०२२ साली त्यांत सुधारणा झाली. केंद्रात काय असावे हे ही मानके सांगतात. जे आहे त्याचा वापर कसा होतो हे तपासण्यासाठी राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके तयार करण्यात आली. २०१३ साली जिल्हा रुग्णालयांपासून आरंभ होऊन ती पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचली. स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ योजना २०१५ साली आली. रुग्णालयाची पट्टी केंद्राला लावण्याचा जो धोका वर सांगितला, तो येथे अगदीच टळला असे नाही. कारण मानकांचा आराखडा मूळचा जिल्हा रुग्णालयाचाच होता. परंतु केंद्रासाठी स्वतंत्र पडताळणी सूची करताना राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांना त्यात वेगळे स्थान देण्यात आले, ही मोठी सुधारणा होय.

या मानकांची रचना समजण्यास कठीण नाही. सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, साहाय्यभूत सेवा, वैद्यकीय सेवा, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि फलनिष्पत्ती अशी आठ क्षेत्रे आहेत. प्रत्येक क्षेत्राखाली मानके, मानकांखाली मोजता येण्याजोगे घटक आणि त्यांखाली तपासणीचे बिंदू अशी उतरंड आहे. प्रत्येक बिंदूला पूर्ततेनुसार दोन, एक किंवा शून्य गुण मिळतात. तपासणीच्या रीती चार : प्रत्यक्ष निरीक्षण, कर्मचाऱ्यांशी संभाषण, नोंदींची पाहणी आणि रुग्णांशी संभाषण. प्रमाणपत्रासाठी एकूण ७० टक्के गुण आवश्यक असतात. शिवाय केवळ सरासरीवर भागू नये म्हणून निरनिराळे विभाग व क्षेत्रे यांनाही स्वतंत्र किमान मर्यादा आहेत. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. सुंदर बागेने मिळविलेले गुण प्रसूतिकक्षातील उणीव झाकू शकत नाहीत.

शीतपेटीवरील तक्ता

तपासणीचा एखादा बिंदू प्रत्यक्षात कसा काम करतो, हे पाहण्यासाठी लसींच्या शीतपेटीचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. प्रत्येक आरोग्य केंद्रात लसी ठेवण्यासाठी एक खास शीतपेटी असते. केंद्रांच्या बोलीत तिला ‘आयएलआर’ म्हणतात. तिच्या आतील तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहिले पाहिजे. सकाळी व सायंकाळी ते पाहून तक्त्यावर नोंदवावयाचे असते. सुट्टीचा दिवस याला अपवाद नाही.

वरवर पाहता हा कारकुनी सोपस्कार वाटतो. वस्तुतः बालकाचे संरक्षण या तक्त्यावर अवलंबून आहे. लसीला उष्णता लागल्यास ती समजण्याची सोय कुपीवरच असते. वर्तुळातील चौकोनाचा रंग बदलत जातो आणि तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद समजावयाची. परंतु अतिथंडीचे तसे नाही. पंचगुणी किंवा हिपॅटायटिस-बी यांसारखी लस एकदा गोठली की तिची शक्ती जाते, आणि पुन्हा वितळल्यावर कुपीवरील चौकोन जसाच्या तसा राहतो. अशी लस टोचली तर बाळ रडते, आईला ताप उतरविण्याच्या गोळ्या मिळतात, कार्डावर तारीख पडते. संरक्षण मात्र मिळालेले नसते. या फसवणुकीत कोणाचाही हेतू वाईट नसतो. ती पकडणारी पहिली खूण म्हणजे तक्त्यावरची रात्रीच्या थंडीने उतरलेली नोंद.

आता मूल्यमापक केंद्रात येतो तेव्हा तो काय पाहतो? तक्ता भिंतीवर आहे काय, एवढेच त्याने पाहिले तर महिनाभर ‘४, ४, ४’ असे एकाच शाईने लिहिलेले आकडे त्याचे समाधान करतील. जाणकार मूल्यमापक पेटीतील तापमापक आणि तक्त्यावरील आकडा ताडून पाहतो. गेल्या महिन्यात वीज किती वेळ गेली होती आणि त्या दिवशी तक्ता काय सांगतो, हे तो विचारतो. आरोग्य सेविकेला तो प्रश्न करतो : लसीकरण सत्रासाठी बर्फाचे आइसपॅक पेटीत केव्हा भरता? गोठणपेटीतून काढल्याबरोबर नव्हे, तर हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईल इतके ते सुटल्यावर, हे उत्तर तिने न अडखळता दिले, तर त्या केंद्राविषयी त्याला जे कळते ते दहा फलकांवरून कळणार नाही. चार रीतींची तरतूद याचसाठी आहे. कागद, डोळा आणि संभाषण ही एकमेकांची साक्ष तपासतात.

२०२४ सालापासून उपकेंद्र पातळीवरील आयुष्मान आरोग्य मंदिरांचे मूल्यमापन दूरदृश्य पद्धतीने करण्याची सोय झाली आहे. देशातील उपकेंद्रांची प्रचंड संख्या पाहता ही सोय अपरिहार्य म्हणावी लागेल. कॅमेऱ्यातून भिंत, फळी आणि नोंदवही उत्तम दिसते. आशा कार्यकर्तीचा चेहरा प्रश्न ऐकून कसा होतो हेही दिसू शकते. बाहेरच्या बाकावर बसलेली बाई खासगीत काय म्हणाली असती, ते मात्र कळण्याचा मार्ग राहत नाही.

छेदात कोण?

प्राथमिक सेवेच्या मानकांतील सर्वांत नाजूक प्रश्न गणिताचा आहे, आणि तो अंशाचा नसून छेदाचा आहे. उच्च रक्तदाबाचे उदाहरण घ्यावे. या विकारात बहुधा काहीही दुखत नाही. म्हणून रुग्ण औषध सोडतो, आणि पक्षाघात किंवा हृदयविकाराने तो पुन्हा दिसतो तेव्हा प्राथमिक सेवेची वेळ टळून गेलेली असते.

समजा, ३०,००० वस्तीच्या एखाद्या केंद्राच्या कार्यक्षेत्रात उच्च रक्तदाबाचे ४,००० प्रौढ असावेत असा अंदाज आहे. त्यांपैकी १,००० जणांची नोंद केंद्रात झाली. गेल्या तीन महिन्यांत ६०० जण तपासणीस आले आणि त्यांतील ४५० जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली, म्हणजे नियंत्रणात, आढळला. या केंद्राचे काम कसे आहे? आलेल्या रुग्णांच्या प्रमाणात पाहिले तर यश ७५ टक्के आहे. नोंदलेल्या रुग्णांच्या प्रमाणात ते ४५ टक्क्यांवर येते. आणि ज्यांना सेवेची गरज आहे त्या सर्वांच्या प्रमाणात ते सव्वाअकरा टक्के भरते. तिन्ही आकडे खरे आहेत. तिन्हींतील अंश एकच, ४५०. बदलतो तो छेद, आणि छेदाबरोबर केंद्राची अब्रू.

पहिला आकडा रुग्णालयाच्या दृष्टीचा आहे. तो डॉक्टरच्या उपचारकौशल्याविषयी काही सांगतो. दुसरा आकडा आरोग्य सेविका, आशा आणि औषधसाठा यांविषयी बोलतो : चारशे माणसे परत का आली नाहीत? गोळ्या संपल्या होत्या, की मजुरी बुडत होती, की वेळेला केंद्र बंद होते? तिसरा आकडा साऱ्या व्यवस्थेला जाब विचारतो. प्राथमिक आरोग्यसेवेच्या मानकात निदान दुसरा आकडा असलाच पाहिजे. तो नसेल तर एक विपरीत परिणाम संभवतो : जे केंद्र हट्टाने रुग्णांच्या मागे लागून अवघड रुग्णांना परत आणते त्याचा पहिला आकडा घसरतो, आणि जे केंद्र स्वतःहून येणाऱ्या शिस्तशीर रुग्णांवर समाधान मानते त्याचा वधारतो.

हे केवळ पुस्तकी म्हणणे नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रही आरंभापासून सहभागी आहे. त्यात रुग्णाचे उपचारपत्रक केंद्रातच ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि नोंदलेल्या रुग्णांच्या गटाचा ठरावीक काळाने आढावा घेण्यावर भर देण्यात आला. पत्रक रुग्णाच्या पिशवीत असेल तर तो न आल्याचे कोणालाच कळत नाही. पत्रक केंद्रातील कप्प्यात असेल तर महिनाअखेर न हललेली पत्रके बाजूला काढून आशा कार्यकर्तीच्या हाती नावे देता येतात. कॉडमनने शंभर वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न येथे एका साध्या कप्प्याच्या रूपाने अवतरला आहे.

घरचे डॉक्टर

शासकीय केंद्राला निदान ठरलेले कार्यक्षेत्र असते. शहरातील व गावातील खासगी कुटुंबवैद्याला, म्हणजे मराठी घरांत ज्यांना ‘आपले डॉक्टर’ म्हणतात त्यांना, तेही नसते. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ सालचा आहे आणि २०२१ साली त्याखालील नियमांत रुग्णहक्कांची सनद आली; परंतु हा कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. खाट नसलेला दवाखाना त्याच्या कक्षेबाहेर राहतो. २००५ साली स्थापन झालेल्या रुग्णालये व आरोग्यसेवा संस्थांच्या राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने दवाखान्यांसाठीही मानके काढली आहेत, पण ती ऐच्छिक आहेत. एका खोलीत, एका मदतनिसाच्या साहाय्याने चालणाऱ्या दवाखान्याला त्यांचा खर्च आणि कागद दोन्ही जड वाटल्यास नवल नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि प्रत्येक नागरिक कोणत्या ना कोणत्या कुटुंबवैद्याच्या यादीत नोंदला गेला. दोनच वर्षांनी, १९५० साली, जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधील दवाखान्यांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. काही दवाखान्यांची, विशेषतः औद्योगिक वस्त्यांतील दवाखान्यांची, अवस्था त्याने इतक्या कठोर शब्दांत मांडली की व्यवसायात खळबळ उडाली. १९५२ साली कुटुंबवैद्यांचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले त्यामागे ही बोचणी होती. १९८५ साली या महाविद्यालयाने समव्यावसायिकांनी एकमेकांच्या दवाखान्यास भेट देऊन परीक्षण करण्याची पद्धत मांडली. व्यावसायिक मूल्ये, उपलब्धता, वैद्यकीय कौशल्य आणि रुग्णाशी संवाद साधण्याची क्षमता या तिच्या चार बाजू होत्या. त्यांत फरशीचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे त्याच देशाने दुसरा मार्ग अनुसरला. एप्रिल २००४ पासून गुणवत्तेच्या निर्देशांकांना पैसे जोडण्यात आले. एकूण १,०५० गुणांचा हा आराखडा होता. त्यातून पुष्कळ चांगले झाले. दीर्घकालीन विकारांच्या नोंदी सुधारल्या, रक्तदाब व मधुमेह यांची देखरेख पद्धतशीर झाली. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सुधारणेचा आरंभीचा वेग टिकला नाही, दमा व हृदयविकार यांच्या ज्या अंगांना पैसे जोडलेले नव्हते त्यांचा दर्जा घसरला, आणि रुग्णाला आपलाच डॉक्टर भेटण्याचे सातत्यही कमी झाले. २०१६ साली स्कॉटलंडने हा आराखडा बंद केला. जे मोजले जाते ते वाढते आणि जे मोजले जात नाही ते मागे पडते. कुटुंबवैद्याकडे मोजता न येणारे असे पुष्कळ असते. तीन पिढ्यांचा मधुमेह ठाऊक असणे, सुनेच्या डोकेदुखीमागील घरातील ताण ओळखणे, ‘आज औषध नको, दोन दिवस वाट पाहू’ असे सांगण्याचा अधिकार असणे, यांसाठी पडताळणी सूचीत रकाना नसतो.

ऑस्ट्रेलियाचा मार्ग अधिक सौम्य म्हणता येईल. तेथील कुटुंबवैद्यांच्या महाविद्यालयाने स्वतःच मानके लिहिली आणि त्यांची पहिली आवृत्ती १९९६ साली निघाली. दर तीन वर्षांनी होणाऱ्या पाहणीत एक सदस्य स्वतः कुटुंबवैद्य असतो. अधिस्वीकृती ऐच्छिक आहे, मात्र काही शासकीय प्रोत्साहन रकमा तिच्याशी निगडित असल्याने बहुसंख्य दवाखाने ती घेतात. येथेही छेदाचा प्रश्न सुटलेला नव्हता, कारण रुग्ण कोणत्याही दवाखान्यात जाऊ शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथे रुग्णाने आपला नेहमीचा दवाखाना नोंदविण्याची ऐच्छिक योजना सुरू झाली. मानकांनंतर सत्तावीस वर्षांनी यादी आली. ब्रिटनमध्ये यादी आधी होती. महाराष्ट्रातील खासगी दवाखान्यांत आज बहुधा दोन्ही नाहीत; आणि यांपैकी एकच आधी निवडावयाचे झाल्यास यादीची निवड करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मधुमेहाच्या आपल्या नेहमीच्या रुग्णांची नावे एका वहीत असणे, एवढी अपेक्षा एका खोलीच्या दवाखान्यालाही पेलण्याजोगी आहे.

मानके कोणी आणि कशी घडवावीत

वेल्समधील ग्लिंकोरग या खाणकामगारांच्या गावी अनेक वर्षे कुटुंबवैद्य असलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला : चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. अधिस्वीकृतीला हा नियम तंतोतंत लागू पडू शकतो. ज्या केंद्राकडे पक्का रस्ता, अखंड वीज आणि भरलेली पदे आहेत ते प्रथम उत्तीर्ण होते, प्रोत्साहनाची रक्कमही त्यालाच मिळते आणि पुढील वर्षी ते आणखी सुधारते. भामरागड किंवा धडगाव यांसारख्या दुर्गम तालुक्यातील केंद्र, ज्याची गरज सर्वांत मोठी, ते मागे राहते. यावर मानक शिथिल करणे हा उपाय नव्हे. दुर्गम भागातील मातेला कमी दर्जाची सुई चालते असे कोणी म्हणणार नाही. उपाय असा की, पहिल्या पाहणीतील त्रुटींची यादी हा केंद्रावरील ठपका न मानता जिल्ह्यावरील मागणीपत्रक मानावे. जी उणीव वैद्यकीय अधिकारी स्वतः दूर करू शकतो ती त्याच्या नावावर, आणि जी रिक्त पदामुळे किंवा विजेअभावी आहे ती वरच्या कार्यालयाच्या नावावर लिहिली गेली, तर गुणपत्रिकेचा अर्थ पालटतो.

नवे मानक लिहिताना ते आधी काही मोजक्या केंद्रांवर चालवून पाहणे अगत्याचे असते. आणि त्या केंद्रांत उत्तम चालणाऱ्यांबरोबर अडखळणारीही असली पाहिजेत. दोन मूल्यमापक एकाच दिवशी एकाच केंद्रात स्वतंत्रपणे गेले आणि एकाच बिंदूला एकाने दोन व दुसऱ्याने शून्य गुण दिले, तर दोष केंद्राचा नसून वाक्यरचनेचा असतो. ‘स्वच्छता समाधानकारक असावी’ असे वाक्य अशा वेळी बाद होते आणि त्याच्या जागी ‘हात धुण्याच्या जागी वाहते पाणी व साबण असावा’ असे वाक्य येते. मसुदा लिहिणाऱ्यांत आरोग्य सेविका, औषधनिर्माण अधिकारी आणि रुग्ण कल्याण समितीवरील एखादा ग्रामस्थ असावा, ही सूचना औपचारिक वाटेल. परंतु दुपारी बारा वाजता बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर शेतावरून परतणारी बाई कोठे जाते, हे त्या ग्रामस्थाखेरीज कोणाच्या लक्षात येणार?

राहता राहिला सातत्याचा प्रश्न. राष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि मधल्या वर्षांत राज्याच्या मूल्यमापकांनी देखरेख ठेवावयाची असते. राज्यातील शासकीय महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या डॉक्टरांची बंधपत्रित सेवा मात्र एक वर्षाची आहे, आणि अनेक केंद्रे अशा तरुण डॉक्टरांवर चालतात. म्हणजे ज्याच्या उत्साहाने प्रमाणपत्र मिळाले तो डॉक्टर त्याची मुदत संपण्यापूर्वीच पुढील शिक्षणासाठी गेलेला असतो. त्याच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टराला पहिल्या सोमवारी कोण सांगणार, की महिनाअखेर न हललेली उपचारपत्रके वेगळी काढावयाची असतात? जेथे हे आरोग्य सहाय्यिका सांगते, किंवा केंद्राच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवलेले असते, तेथे दुसऱ्या वर्षीच्या पाहणीतही कप्प्यातील पत्रके हललेली आढळतात.